मोजणाऱ्याची पिशवी

"भूत दुपारी येत नाही," मी म्हणालो.

"हे येतं, सर," उज्ज्वला म्हणाली.

"आणि पाणी पितं?"

"हो. तांब्याभर. मग रुमालाने तोंड पुसतं."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नववी ‘ब’ची उज्ज्वला ढवळे समोर उभी होती, हाताची घडी, नजर जमिनीवर. उलटून बोलायची नाही, पण एक इंचही हलायची नाही. अशा मुलांनी माझे केस पांढरे केले. दंगेखोरांनी नाही.

ही येवल्यातली, बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तिथे चित्रकला शिकवत होतो. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं. मुलांनी लिहिलेलं, मुलांनीच चितारलेलं, एकच प्रत. जाड कागद, मखमली पुठ्ठा, रेशमी दोरा. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन व्हायचं आणि मग ते जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं. संपादक मीच. दरवर्षी तेच सूर्योदय, तेच झाडे लावा, तीच आई. त्या वर्षी मात्र आली ती भुताची चित्रकथा. आठ पानं.

भुतांना त्या वर्षी ऊत आला होता. बसस्टँडजवळच्या वाचनालयात भयकथांची चित्रपुस्तकं आली होती आणि अर्धी नववी ती दप्तरात घालून फिरत होती. मी जप्त करत होतो. कपाटात अकरा जमली होती. त्यातलं एक उज्ज्वलाच्याच दप्तरातलं. ते घेतलं तेव्हा ती पहिल्यांदा रडवेली झाली होती. "सर, शेवटची चार पानं राहिलीत हो," म्हणाली. मी म्हटलं, "वार्षिक परीक्षेनंतर वाच."

खरं सांगायचं तर ते मीच वाचलं, कपाटाशी उभ्या उभ्या. एक बाई पिशाच्च झालेल्या मुलाला तळघरात लपवते. गावातलं एकेक माणूस नाहीसं होतं. गावकरी कुऱ्हाडी घेऊन दाराशी येतात, आणि बाई उंबरठ्यावर आडवी उभी राहते. रक्तबिक्त होतंच, पण मला त्रास झाला तो वेगळाच. शेवटपर्यंत ठरवता येईना, आपण कुणाच्या बाजूने आहोत. पुस्तक कपाटात टाकून मी कुलूप लावलं आणि दिवसभर मुलांवर चिडचिड केली.

उज्ज्वलाच्या कथेचं नाव होतं ‘मोजणारा’. एक गाव. भर दुपारी, उन्हात, एकजण दारोदार हिंडतो. खांद्याला पिशवी, हातात वही. प्रत्येक दारात एकच प्रश्न, ‘घरात किती जण?’ खरा आकडा सांगितला तर तो त्यातलं त्याला हवं ते माणूस पिशवीत घालून नेतो. खोटा सांगितला तर कुणालाच नेत नाही. पण जेवढे सांगाल तेवढेच उरतात. जे मोजलं नाही ते हळूहळू पुसलं जातं. आधी सावली जाते. मग ताट मांडायचं राहून जातं. मग हाक.

आठव्या पानावरच्या शेवटच्या चौकटीत एक मुलगी दारात उभी आहे, समोर मोजणाऱ्याची पाठ. मुलीच्या तोंडातून निघालेला बोलाचा फुगा रिकामा.

"हा रिकामा का?"

"तिला काय सांगावं ते कळत नाही, सर."

"तिला कळत नसेल. तुला कळायला पाहिजे. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो."

ती रिकाम्या फुग्याकडेच बघत राहिली.

"बरं, ते राहू दे. हे बघ." मी पेन्सिल उचलली. तीस वर्षं मुलांच्या कागदावर दुरुस्त्या करून करून माझा हात आपोआप चालायचा. "पिशवी डाव्या खांद्यावर काढलीस. वही डाव्या हातात, पिशवीही डावीकडे, सगळं वजन एकीकडे झुकलं. पिशवी उजवीकडे घे." मी खोडरबर फिरवला आणि घेतलीसुद्धा. "दुसरं, प्रत्येक चौकटीत कोपऱ्यात ‘खर्र खर्र’ लिहिलंय. कसला आवाज हा? चित्रात आवाज असला की आवाज करणारी वस्तू दिसली पाहिजे."

"ती दिसत नाही, सर."

"मग आवाज काढून टाक! आणि तिसरं. डोळ्यांची पातळी. हे सगळं इतकं खालून का पाहिलंय? मोजणाऱ्याच्या चपला एवढ्या मोठ्या, तोंड चौकटीबाहेर. कोण जमिनीवर पडून बघतंय हे?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "सर, जाऊ का? तास सुरू होईल."

मुख्याध्यापिका लोहकरे बाईंनी पानं पाहिली ती लांब धरून, जणू ओली होती.

"धारणकर, हे काय आहे?"

"चित्रकथा, बाई."

"भूत आहे."

"हो."

"नववीतल्या मुलीने काढलेलं भूत. आणि आपण ते जिल्ह्याला पाठवायचं. शाळेचा शिक्का मारून." त्यांनी पानं खाली ठेवली. "यात तात्पर्य कुठंय? खरं बोललं की माणूस नेतो. खोटं बोललं की माणूस पुसलं जातं. मुलांनी यातून घ्यायचं काय?"

"शेवट व्हायचाय अजून."

"मग करा. त्या मुलीला खरं बोलायला लावा, खरं ऐकून भूत पळून जाऊ दे. खाली एक ओळ तात्पर्याची. तुमच्या अक्षरात, छान."

मला ते पटलं नाही. तेवढ्यात बाईंनी पुन्हा एक पान उचललं.

"आणि हे तिने काढलंय?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही होता, मी तो बाजूला सारला होता. उज्ज्वलाची चित्रकलेची वही मी रोज तपासायचो. तिचा माठ वांग्यासारखा दिसायचा. तिच्या माणसांना कोपर नसायचं. आणि इथे मोजणाऱ्याच्या बोटांची पेरं दिसत होती, पाणी पिताना वर सरकलेला गळ्याचा मणी दिसत होता.

"कुठल्यातरी पुस्तकावरून छापलेलं असेल," बाई म्हणाल्या. "स्पर्धेत कुणी ओळखलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तिला समोर बसवा. शेवटचं पान तुमच्या डोळ्यांदेखत काढू दे. नाहीतर ही आठ पानं बाहेर."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला चित्रकलेच्या खोलीत बसवलं. कागद दिला, पेन्सिल टोकदार करून दिली.

"काढ. दारातली मुलगी आणि मोजणारा. बस एवढंच."

तिने पेन्सिल घेतली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कागद कोरा. बाहेर कबड्डीचा आरडाओरडा चालला होता.

"उज्ज्वला, मी तुला रागावणार नाही. छापलं असलंस तर सांग."

"छापलं नाही, सर."

"मग कुणाकडून काढून घेतलंस?"

तिने कोऱ्या कागदावर हात पसरून ठेवला.

"सुरेखाने काढलं? तुझ्या ताईने?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"अगं, मग काय भुताने काढलं?"

तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. दोन्ही एकदम. मी आणखी वैतागलो. मुलांचं रडणं मला सोसत नाही, आणि सोसत नाही म्हणून मी ओरडतो, हे माझ्या घरातल्यांनाही ठाऊक आहे.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही ते घ्या. माझं नाव घालू नका. कुणाचंच नको. नुसतं घ्या."

"नाव नसलेलं पान हस्तलिखितात जात नाही! प्रत्येक पानाखाली नाव आणि इयत्ता. नियम आहे तो."

"इयत्ता पण?" तिने विचारलं.

"इयत्ता पण."

तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. अगदी सावकाश, आवाज होऊ न देता. "मग नाही जमायचं, सर."

"ठीक आहे. शनिवारी शाळा सुटली की मी तुझ्या घरी येतोय. तुझ्या आईशीच बोलतो."

"घरी नका येऊ, सर."

"का?"

"नका येऊ ना."

माझा संयम तिथे संपला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आठ पानं पिशवीत घातली. कपाटातलं तिचं जप्त केलेलं पुस्तकही बरोबर घेतलं, तिच्या आईला दाखवायला.

ढवळ्यांचं घर विणकरांच्या आळीत होतं. त्या आळीत घरोघरी माग. उज्ज्वलाचे वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मला पाहून त्यांनी धोटा थांबवला, हात जोडले आणि पुन्हा विणायला लागले. बोलायचं काम आईचं असावं. ती पदर सारखा करत दारात आली.

"या ना सर. उन्हाचे आले. सुरेखा, पाणी आण गं."

सुरेखा, थोरली, तांब्या घेऊन आली. उज्ज्वला भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी दारातच उभ्याने पाणी प्यायलो. रुमालाने तोंड पुसलं. मग पिशवीतून पानं काढायला हात घातला, आणि माझा हात पिशवीतच राहिला.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. खर्र, खर्र. कांड्या भरायचा चरखा. विणकराच्या घरात हा आवाज असतोच. सूत कांडीवर गुंडाळायला घरातलं कुणी ना कुणी तो फिरवत असतं.

वडील मागावर होते. आई माझ्यासमोर. सुरेखा तांब्या घ्यायला थांबली होती. उज्ज्वला भिंतीशी.

मी याच दारात मे महिन्यात आलो होतो. शाळेत न जाणाऱ्या मुलांचं सर्वेक्षण होतं, शिक्षकांना घरं वाटून दिली होती. माझ्या वाट्याला दोनशे बारा. रणरणतं ऊन, डाव्या हातात वही, डाव्या खांद्यावर पिशवी, कारण उजव्या हाताने लिहायचं. ‘घरात किती जण?’ तेव्हाही चौघं अशीच उभी होती. आईने उज्ज्वलाकडे पाहिलं होतं आणि उज्ज्वला म्हणाली होती, ‘चार.’ तेव्हाही आत चरखा फिरत होता.

मी तो ऐकला होता. ऐकला नव्हता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ऐकला होता, लिहिता लिहिता पेन क्षणभर थांबलं होतं, आणि पुढे अजून तीस घरं होती. मी ‘चार’ लिहून पाणी पिऊन निघालो होतो.

"उज्ज्वला," मी म्हणालो, "आत कोण आहे?"

चरखा थांबला. मागही थांबला.

"कुणी नाही, सर," आई म्हणाली.

"आई," उज्ज्वला म्हणाली, "सरांना माहितीये आता."

मी पानं बाहेर काढली, आईने ती पाहिली. वरच्याच पानावर दार होतं, तिचंच. ती तिथेच उंबरठ्यावर बसली. रडली नाही, चिडली.

"तुमचं काय जातं हो सर? वहीत लिहिलं की दुसऱ्या दिवशी माणसं येतात. गल्लीतल्या चांगुणाच्या पोराला नेलं ना तालुक्याला, अशा पोरांच्या वसतिगृहात. चांगलं करू म्हणाले. सहा महिन्यांनी पोर आईला ओळखेना. माझा पोरगा पायाने अधू आहे, बोलणं जड आहे, पण मला ओळखतो. आणि या सुरेखाला संक्रांतीनंतर बघायला येणारेत. घरात असा भाऊ आहे म्हटल्यावर कोण येईल, सांगा. तुम्ही आणून देणार आहात का मुलगा?"

"आई, माझ्यावर नको ढकलू," सुरेखा पुटपुटली.

"तू गप गं."

शाळेत मी या बाईला समजावणीचे चार शब्द सहज ऐकवले असते. आता जो दोनदा याच दारात पाणी प्यायला होता त्याने कुठल्या तोंडाने बोलायचं?

"मी आत येऊ का?" एवढंच विचारलं.

ती बाजूला सरकली नाही. उज्ज्वलाने तिचा हात धरला आणि हलकेच ओढला.

आतल्या दाराला खालच्या बाजूला बोटभर फट होती. त्या फटीमागे चटईवर उज्ज्वलाचा भाऊ, किसन, बसला होता. तेराचौदा वर्षांचा. पाय काडीसारखे, एकावर एक मुडपलेले. खांदे मात्र भरलेले. समोर चरखा, बाजूला रंगीत कांड्यांची टोपली, आणि भिंतीवर जमिनीपासून दोन हातांपर्यंत कोळशाने काढलेली चित्रं. त्यावर काहीच नव्हतं. तिथवरच त्याचा हात पोचत होता.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. पिशवीतून डोकावणारं पुस्तक पाहिलं आणि हात पुढे केला. दीड महिना राहिलेली चार पानं. मी पुस्तक दिलं. त्याने तिथल्या तिथे शेवट काढून वाचला, सगळी वाट बघत असताना, आणि मग नाराजीने काहीतरी म्हणाला. शब्द घशातून अडखळत येत होते. मला कळले नाहीत.

"म्हणतो, शेवट बेकार आहे," उज्ज्वलाने सांगितलं. "त्या बाईला मारायला नको होतं."

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणालो.

मी चटईवर बसलो आणि त्याची पानं त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती एकेक करून उलटली. आठव्या पानाशी थांबला. भुवया जवळ आल्या. मोजणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवून तो जोरात बोलला. हे मात्र मला कळलं.

"चूक."

"ते मी दुरुस्त केलं," मी म्हणालो.

"चूक," तो पुन्हा म्हणाला आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बोट केलं. पिशवी तिथेच होती.

मी खिशातून खोडरबर काढून त्याला दिला. तीस वर्षांत पहिल्यांदाच विद्यार्थी माझी दुरुस्ती खोडत होता आणि मी मांडी घालून बघत होतो. पिशवी त्याने चार रेघांत परत डावीकडे आणली. मग कोपऱ्यात पुसट झालेलं ‘खर्र खर्र’ गडद केलं.

"आणि फुगा?" मी विचारलं. "तिथे काय लिहायचं?"

तो हसला, वेडंवाकडं, पण हसला. काहीतरी म्हणून आईकडे बघत राहिला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, ते आईला विचारा," उज्ज्वलाने सांगितलं आणि स्वतःचं जोडलं, "त्या दिवशी दारात मी तिच्याकडे बघूनच ‘चार’ म्हटलं होतं."

मी पान आईपुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. म्हणून चुलीजवळच्या फळीवर, डब्याखाली खोचून ठेवलं.

"प्रकाशनाला दहा दिवस आहेत," मी म्हणालो. "मी पुन्हा विचारायला येणार नाही. वहीत चार लिहिलंय, ते तुम्ही म्हणाल तोवर चारच राहील. पण एक सांगतो. वसतिगृहात न्यायला कुणी आलं तर आधी त्याला माझ्याशी भांडावं लागेल. आणि मी भांडकुदळ आहे, शाळेत कुणालाही विचारा."

"हे खरंय," उज्ज्वला म्हणाली.

मी बाहेर पडून आळीच्या टोकाला पोचलो तरी मागे त्यांचा माग सुरू झाला नव्हता.

मधले नऊ दिवस माझे फार वाईट गेले. दोरा ओवून ठेवला, पुठ्ठा चिकटवला, मधली एक जागा मोकळी. लोहकरे बाई रोज विचारायच्या, "भुताचं काय झालं?" मी रोज म्हणायचो, "वाळतंय." एकदा त्या म्हणाल्या, "धारणकर, शाई इतके दिवस वाळत नाही." मी त्यांच्यावर खेकसलो. नंतर माफी मागितली. मग पुन्हा खेकसलो. उज्ज्वला वर्गात बसायची, माठाचं वांगं काढायची, आणि मी काही विचारायचो नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी, शाळा भरायच्या आधी, ती आली. पान वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. टेबलावर ठेवून ती थांबलीसुद्धा नाही.

मी सोडवलं. फुग्यात शब्द होते. ते उज्ज्वलाचं अक्षर नव्हतं, किसनचंही नव्हतं. चौथीत शाळा सुटलेल्या, त्यानंतर कधी पेन्सिल न धरलेल्या हाताचं ते अक्षर होतं. मोठं, कापरं, फुग्याच्या रेषेबाहेर गेलेलं.

‘पाच. आत या.’

खाली, नाव घालायच्या जागी, त्याच हाताने लिहिलं होतं, ‘किसन ढवळे’. इयत्तेपुढे एक आडवी रेघ.

सुरेखाला बघायला येणार होते ते संक्रांतीनंतर आले नाहीत. हे लपवून उपयोग नाही. ती दोन वर्षं थांबली आणि त्या दोन वर्षांत तिची आई मला रस्त्यात दिसली की ओळख द्यायची नाही. मी सर्वेक्षणाच्या कचेरीत अर्ज दिला, ‘चारऐवजी पाच वाचावे, चूक माझी.’ किसनला न्यायला कुणी आलं नाही. शिकवायलाही कुणी आलं नाही. म्हणून रविवारी मीच जायचो, तो माझ्या दुरुस्त्या खोडायचा.

पण त्या सकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. लोहकरे बाई खोलीत आल्या तेव्हा मी पान मोकळ्या जागी बसवत होतो. त्यांनी वाकून वाचलं. तात्पर्याचं नावही काढलं नाही.

"धारणकर," त्या म्हणाल्या, "असू दे. जाऊ दे हे. पण तेवढा फुगा तुमच्या अक्षरात लिहा. फार वाईट अक्षर आहे हो."

"बाई," मी म्हणालो, आणि दोऱ्याची गाठ मारली, "तीस वर्षं मी दिसेल ते दुरुस्त करत आलोय. हे नाही करणार."